‘ला’ दिसला म्हणून चतुर्थी नव्हे : संप्रदान ओळखण्याची आणि वापरण्याची रीत

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करताना एक गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येते, पण ती मोठ्याने विचारण्याचे धाडस क्वचितच कोणी करते. द्वितीयेच्या ओळीत एकवचनी ‘स, ला, ते’ आणि अनेकवचनी ‘स, ला, ना, ते’ हे प्रत्यय असतात, आणि दोन ओळी खाली चतुर्थीसमोर अक्षरशः तेच प्रत्यय पुन्हा लिहिलेले असतात. प्रत्यय एकच असतील तर विभक्ती दोन कशासाठी, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की हा तक्ता संस्कृत व्याकरणाच्या साच्यावर बेतलेला आहे. संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ ही दोन रूपे कानालाही वेगळी लागतात. मराठीत दोन्हींच्या जागी ‘रामाला’ हे एकच रूप येते. त्यामुळे मराठीतील चतुर्थी प्रत्यय पाहून ओळखता येत नाही. ती क्रियापदाकडे पाहून ओळखावी लागते, आणि ही सवय एकदा जडली की परीक्षेतले उत्तर तर बरोबर येतेच, शिवाय रोजच्या लेखनातले कितीतरी अडखळणे कमी होते.

संप्रदान म्हणजे नेमके कोण

चतुर्थीचा मुख्य कारकार्थ, म्हणजे शब्दाचे क्रियेशी असलेले नाते, संप्रदान हा आहे. संस्कृत वैयाकरण पाणिनीने अष्टाध्यायी या ग्रंथात दिलेल्या व्याख्येचा आशय असा की कर्माच्या द्वारा कर्ता ज्याच्यापर्यंत पोहोचू पाहतो, तो संप्रदान. ‘राजाने ब्राह्मणाला गाय दिली’ या वाक्यात देण्याची क्रिया गायीवर घडते, म्हणून गाय हे कर्म. आणि ती गाय ज्याच्या दारी जाऊन पोहोचते, तो ब्राह्मण संप्रदान. संस्कृत न शिकलेल्या मराठी माणसाच्याही कानावर ही विभक्ती रोज पडत असते. ‘श्रीगणेशाय नमः’, ‘नमः शिवाय’, होमातले ‘अग्नये स्वाहा’ ही सगळी चतुर्थीची रूपे आहेत, आणि आहुती टाकल्यावर म्हटले जाणारे ‘इदं न मम’ हे शब्द संप्रदानाचा गाभाच सांगतात: दिलेली वस्तू आता माझी राहिली नाही.

काही वैयाकरणांनी ही अट इतकी काटेकोर मानली की परत घेण्याच्या बोलीने दिलेल्या वस्तूला ते दान म्हणेनात. धोब्याला कपडे दिले तर ते धुऊन परत यायचे असतात, म्हणून तेथे चतुर्थी न वापरता ‘रजकस्य वस्त्रं ददाति’ अशी षष्ठी वापरावी, असा त्यांचा आग्रह. उलट बाजूने शिष्याला चापट देणाऱ्या गुरूचे उदाहरण पुढे आले. चापट देताना गुरू स्वतःच्या मालकीचे असे काय सोडतो? मराठीने मात्र या वादात पडण्याचे नाकारले. ब्राह्मणाला गाय, धोब्याला कपडे आणि शिष्याला चापट, तिन्ही ठिकाणी आपण बिनदिक्कत ‘ला’ लावतो.

याला ऐतिहासिक कारण आहे. प्राकृत भाषांत चतुर्थीची वेगळी रूपे जवळजवळ लोपली आणि तिचे काम षष्ठीने अंगावर घेतले. प्राकृत वैयाकरणांनी तसा नियमच नोंदवून ठेवला आहे. मराठीचा ‘स’ हा प्रत्यय संस्कृत षष्ठीच्या ‘स्य’पासून प्राकृत ‘स्स’ या वाटेने आला, असे मानले जाते. ‘ला’च्या उगमाविषयी मतभेद आहेत, जुन्या मराठीतील ‘लागी’शी त्याचे नाते काही अभ्यासक जोडतात.

कसोटी: सजीवाच्या जागी निर्जीव ठेवून पाहा

व्याकरणाच्या पुस्तकांत ‘काय?’ या प्रश्नाचे उत्तर कर्म आणि ‘कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर संप्रदान, असा सोपा उपाय सांगितलेला आढळतो. तो अर्धाच खरा आहे. ‘पोलिसांनी चोराला पकडले’ या वाक्यातही ‘कोणाला?’ असाच प्रश्न पडतो, आणि तरी चोर हे कर्म आहे. याहून भरवशाची एक कसोटी मराठीच्याच स्वभावात दडलेली आहे. मराठीत कर्म सजीव आणि ठरावीक असेल तर त्याला ‘ला’ लागतो, निर्जीव असेल तर बहुधा लागत नाही. संप्रदान मात्र सजीव असो वा निर्जीव, ‘ला’ सोडत नाही. तेव्हा शंका असलेल्या शब्दाच्या जागी एखादी निर्जीव वस्तू ठेवावी आणि ‘ला’ टिकतो की गळतो ते पाहावे.

‘मी मुलाला पाहिले’ या वाक्यात मुलाच्या जागी घर ठेवले तर ‘मी घर पाहिले’ असे होते. ‘ला’ गळला, म्हणजे तो कर्माचा होता, विभक्ती द्वितीया. आता ‘मी मुलाला पैसे दिले’ हे वाक्य घ्या. तेथे घर ठेवले तर ‘मी घराला रंग दिला’ असेच म्हणावे लागते. ‘मी घर रंग दिला’ असे कोणी म्हणणार नाही. ‘ला’ टिकला, म्हणून तो चतुर्थीचा. ‘शाळेला देणगी दिली’, ‘झाडाला पाणी घातले’, ‘कुंपणाला तार लावली’ ही सारी वाक्ये याच जातीची आहेत. मात्र ठेवायचा शब्द नामच असावा, सर्वनाम नको. ‘त्याला’, ‘तिला’ यांसारखी रूपे दोन्ही विभक्तींत येत असल्याने त्यांवरून काहीच ठरत नाही.

कर्माचा हा ‘ला’ किती नाजूक आहे, हे एका जोडीवरून दिसते. ‘आम्ही काल मुलगी पाहिली’ असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कांदेपोहे येतात, आणि ‘आम्ही काल त्या मुलीला पाहिले’ असे म्हटले तर ती फक्त रस्त्यात दिसलेली असते. पहिल्या वाक्यात ‘ला’ नाही म्हणून क्रियापद मुलीच्या लिंगाप्रमाणे ‘पाहिली’ झाले. दुसऱ्यात ‘ला’ येताच ते ‘पाहिले’ असे तटस्थ झाले. शेजारी ‘आम्ही मुलीला साडी दिली’ हे वाक्य ठेवून पाहा. येथेही मुलीला ‘ला’ आहे, पण क्रियापद तटस्थ न राहता साडीच्या मागे गेले, कारण वाक्यातले खरे कर्म साडी आहे. भूतकाळी वाक्यात क्रियापद कोणाच्या मागे जाते, हे पाहणे म्हणूनच उपयोगी पडते.

एका जुन्या म्हणीत तर दोन्ही गोष्टी चार शब्दांत शेजारी शेजारी बसलेल्या आहेत: ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’. चोर सोडण्याचे कर्म आहे, सजीव असूनही म्हणीच्या ठाशीव भाषेत त्याला प्रत्यय लागलेला नाही. संन्याशाचा ‘ला’ मात्र काढता येत नाही, कारण सुळी ज्याच्या वाट्याला येते तो संप्रदान आहे.

आणखी एक आडवाटेची खूण सांगतो. भूतकाळात ‘तो’, ‘ती’ यांसारख्या तृतीयपुरुषी कर्त्याला ‘ने’ लागत नसेल तर क्रियापद बहुधा अकर्मक असते, आणि मग वाक्यातला ‘ला’ कर्माचा असण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘तो मामाला भेटला’, ‘ती त्याला हसली’, ‘मुलगा कुत्र्याला घाबरला’ यांत ‘त्याने’, ‘तिने’, ‘मुलाने’ असे होत नाही. या खुणेला अपवाद आहेत: विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे ही क्रियापदे सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाहीत. ‘तो मला विसरला’ या वाक्यात पुन्हा पहिलीच कसोटी लावावी. ‘तो छत्री विसरला’ असे म्हणता येते, म्हणून तेथला ‘ला’ कर्माचा ठरतो.

ज्या क्रियापदांना शालेय व्याकरणात द्विकर्मक म्हणतात, त्यांच्या बाबतीत परीक्षेपुरते एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: ‘आजीने नातीला गोष्ट सांगितली’ यात गोष्ट हे प्रत्यक्ष कर्म आणि नात हे अप्रत्यक्ष कर्म, अप्रत्यक्ष कर्माची विभक्ती चतुर्थी.

देणारा कोणी नसतानाही येणारी चतुर्थी

माझ्या मते मराठी चतुर्थीचा सर्वांत समृद्ध भाग हा आहे, आणि शाळेत नेमका तोच घाईने उरकला जातो. ‘मला भूक लागली’, ‘त्याला ताप आला’, ‘तिला आनंद झाला’, ‘आम्हाला हे पटले’, ‘तुला आठवते का?’, ‘बाळाला दात आले’, ‘मला पोहता येते’ या वाक्यांत कोणी कोणाला काही देत नाही. तरीही भूक, ताप, आनंद, आठवण यांपैकी काहीतरी त्या माणसापर्यंत येऊन पोहोचलेले असते. ते त्याने केलेले नसते, त्याला झालेले असते. क्रिया ज्याच्यापाशी येऊन थांबते तो संप्रदान, ही मूळ कल्पना येथेही कायम आहे. पाणिनीनेही रुचणे या अर्थाच्या धातूंसाठी ज्याला ती वस्तू आवडते त्याला संप्रदान म्हणावे असा स्वतंत्र नियम केला, आणि परंपरेने त्याचे उदाहरण दिले ते मोदकाचे: देवदत्ताला मोदक आवडतो.

अशी वाक्ये लिहिताना पहिली काळजी क्रियापदाच्या रूपाची घ्यावी. क्रियापद ‘मला’च्या मागे जात नाही, जी गोष्ट आवडते, दिसते किंवा हवी असते तिच्या मागे जाते: मला आंबा आवडतो, कैरी आवडते, लोणचे आवडते, पोहे आवडतात. तसेच मला चहा हवा, साखर हवी, दूध हवे. ‘मला पोहे पाहिजे’ असे सर्रास ऐकू येते, परंतु लेखनात ‘पाहिजेत’ लिहावे. मराठी नव्याने शिकणारी व्यक्ती बहुधा येथेच चुकते, कारण ‘मला’ म्हणजे मी, आणि मी स्त्री असेन तर ‘मला आंबा आवडते’, असा तिचा हिशेब असतो.

मग या वाक्यातला कर्ता कोण? परंपरेने आंबा हा कर्ता ठरतो, कारण क्रियापद त्याच्याशी जुळते. पण एक गंमत पाहा. ‘सुमनला आपले माहेर आठवले’ यात माहेर कोणाचे? सुमनचे. ‘आईने सुमनला आपले दागिने दाखवले’ यात दागिने कोणाचे? आईचे. ‘आपला’ हा शब्द साधारणतः कर्त्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्या वाक्यात त्याने सुमनला ओलांडून आईकडे बोट दाखवले, पण पहिल्या वाक्यात ‘ला’ लागलेल्या सुमनकडेच दाखवले. याचा अर्थ अनुभव घेणारी सुमन रूपाने चतुर्थीत असली तरी वाक्यात तिला कर्त्याचा थोडासा मान मिळालेला आहे. तक्त्यातल्या एका ओळीत मावणारी ही गोष्ट नाही.

‘मी’ आणि ‘मला’ यांतली निवड म्हणजे निव्वळ रूपाची निवड नव्हे. तिने जबाबदारीच बदलते. ‘मी मित्राला भेटलो’ म्हणजे ठरवून भेटलो, ‘मला मित्र भेटला’ म्हणजे वाटेत अचानक गाठ पडली. ‘मी ऐकले’ आणि ‘मला ऐकू आले’, ‘मी किल्ली शोधली’ आणि ‘मला किल्ली सापडली’ या जोड्यांतही तोच भेद आहे. रात्रपाळीला डुलकी घेताना पकडला गेलेला पहारेकरी ‘मी झोपलो’ असे कधी म्हणत नाही. तो ‘मला झोप लागली’ असे म्हणतो, आणि व्याकरण त्याच्या मदतीला धावून येते. शक्य क्रियापदांत हा अर्थ आणखी गडद होतो: ‘आजोबांना आता जिना चढवत नाही’, ‘मला हे बघवत नाही’. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीत चतुर्थी उघड दिसत नाही, तरी ‘जिला’ हा शब्द मनात धरल्याशिवाय ती म्हण पुरी होत नाही.

बोलीभाषांत प्रत्यय बदलतो, रचना तीच राहते. वऱ्हाडात ‘मले भूक लागली’ म्हणतात, मालवणीत ‘माका’, गोव्याच्या कोकणीत ‘म्हाका’. पण भूक लागते ती सगळीकडे चतुर्थीतच. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या मराठी सवयीचा मोठा फायदा होतो, कारण त्या भाषेतही थंडी वाजते ती ‘मीर’ला, म्हणजे ‘मला’. मात्र जर्मनमध्ये पुल्लिंगी नामापूर्वी कर्माचा ‘डेन’ आणि संप्रदानाचा ‘डेम’ असे रूपच वेगळे असते, आणि दोन्हीकडे ‘ला’ लावण्याची सवय असलेला आपला विद्यार्थी नेमका तेथे अडखळतो.

क्रियापदागणिक बदलणारी ओढ

कोणत्या क्रियापदाला ‘ला’ लागतो आणि कोणत्याला ‘शी’, ‘वर’ किंवा ‘कडे’, याचा एकच नियम सांगता येत नाही. कान तयार करावा लागतो. भिणे आणि घाबरणे यांना संस्कृतात पंचमी लागते, हिंदीत ‘से’. मराठीत आपण ‘पाण्याला घाबरतो’ आणि ‘वाघाला भितो’. ‘त्याच्यापासून घाबरतो’ हे हिंदीचे सावट आहे. हिंदीत ‘उससे पूछा’ म्हणतात, मराठीत ‘त्याला विचारले’. रागावणे मात्र मराठीत दोन्ही वाटांनी जाते: ‘आई मला रागावली’ म्हणजे तिने खरडपट्टी काढली, ‘आई माझ्यावर रागावली’ म्हणजे ती कदाचित अबोला धरून बसली आहे. याशिवाय कामाला कंटाळणे, बक्षिसाला मुकणे, भिंतीला टेकणे, अंगाला चिकटणे, एखादीला साडी शोभणे, चौघांना भाजी पुरणे, गुरुजींना नमस्कार करणे, शेजाऱ्याला मदत करणे या सगळ्यांत ‘ला’ अढळ आहे.

‘बोलणे’ या क्रियापदाजवळ थोडे थांबायला हवे. ‘आई माझ्याशी बोलली’ म्हणजे संभाषण झाले. ‘आई मला बोलली’ याचा रूढ अर्थ ती मला टाकून बोलली, तिने दोष दिला, असा आहे. अलीकडे विशेषतः मुंबईकडच्या बोलण्यात ‘तो मला बोलला की उद्या येतो’ असे सरसकट म्हटले जाते. बोलण्यात त्याला अडवण्यात अर्थ नाही, पण लिहिताना ‘तो मला म्हणाला’ असेच लिहावे, नाहीतर निरोप देणाऱ्या गरिबावर शिवीगाळीचा आळ येतो.

प्रेमाच्या बाबतीतही मराठीचा रिवाज वेगळा आहे. ‘मी तुला प्रेम करतो’ ही रचना मराठीची नाही; माझे तुझ्यावर प्रेम असते, किंवा तू मला आवडतेस. तरुण मंडळी ‘मी तुला मिस करतो’ म्हणतात, तेव्हा मराठीची मूळ रचना बरोबर उलटी झालेली असते. मराठीत ‘मला तुझी आठवण येते’. आठवण येणारी, आणि मी तिला सापडलेला.

गाव, वेळ, भाव आणि हेतू

‘ला’चा एक मोठा गट संप्रदानाशी थेट संबंध नसलेला आहे. ‘पुण्याला गेला’ यात पोहोचण्याचे ठिकाण आहे, ‘पंधरा तारखेला’, ‘पाडव्याला’, ‘एकादशीला’ यांत वेळ आहे, आणि ‘हापूस कितीला दिला?’, ‘सहाशेला डझन’ यांत भाव आहे. हे अर्थ उपपदार्थ, म्हणजे कारकाबाहेरचे अर्थ, म्हणून गणले जातात आणि परीक्षेत ‘चतुर्थी, संप्रदान’ असे लिहिले तर गुण जातात. वारांची गोष्ट निराळी. ‘रविवारी’, ‘सोमवारी’ येथे सप्तमीच हवी.

हेतूचा ‘ला’ मात्र चतुर्थीच्या अगदी घरातला आहे. ‘भाजी आणायला गेला’, ‘जेवायला बसलो’, ‘तोंडी लावायला लोणचे’ यांत अमुक गोष्टीसाठी हा अर्थ आहे, आणि संस्कृतातही हेतूसाठी चतुर्थी येते. ‘घरात औषधालाही साखर नाही’ असे आपण म्हणतो, ते औषध करण्यापुरतीदेखील नाही या अर्थाने. तो वाक्प्रचार वापरणाऱ्या किती जणांच्या मनात त्यातला हेतू जागा असतो, कोण जाणे.

लिहिताना: सामान्यरूप, अनुस्वार आणि ‘स’

प्रत्यय लागण्यापूर्वी नामात जो बदल होतो ते सामान्यरूप. घोडा घोड्याला, भाऊ भावाला, माणूस माणसाला, देऊळ देवळाला, पाणी पाण्याला हे मराठी माणूस न शिकताच बोलतो. चुका होतात त्या ऱ्हस्वदीर्घाच्या. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ ईकारी किंवा ऊकारी असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते: बहीण बहिणीला, फूल फुलाला, जमीन जमिनीला. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांत मूळ दीर्घत्व टिकते: गीत गीताला, परीक्षा परीक्षेला. विशेषणही बदलते, म्हणून ‘माझा मोठा भावाला’ असे न लिहिता ‘माझ्या मोठ्या भावाला’ असे लिहावे.

अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार देण्याचा नियम १९६२ च्या शुद्धलेखन नियमांतही कायम राहिला: मुलांना, झाडांना, लोकांना. आदरार्थी बहुवचनालाही तो लागू आहे: आजोबांना, सरांना, गुरुजींना. घाईत लिहिलेल्या निमंत्रणपत्रिकेत ‘सर्वाना’ छापले जाते आणि सर्वांच्या डोक्यावरचा अनुस्वार जातो. ‘आम्हांला’, ‘तुम्हांला’ यांतला अनुस्वार मात्र आजच्या लेखनात बहुधा दिला जात नाही. एका मजकुरात जी पद्धत धराल ती शेवटपर्यंत पाळा.

विशेषनामांची चाल वेगळी असते. पुणे, ठाणे, सातारा, धुळे ही नावे पुण्याला, ठाण्याला, साताऱ्याला, धुळ्याला अशी बदलतात. कोल्हापूर, नागपूर, सोलापूर ही ‘ला’पुढे जशीच्या तशी राहतात आणि सप्तमीत मात्र वाकतात: ‘नागपूरला गेला’, पण ‘नागपुरात राहतो’. परदेशी नावांना सामान्यरूप देऊ नये. कॅनडाला जावे, कॅनड्याला नव्हे. काका, मामा, दादा हे शब्द आकारान्त असूनही वाकत नाहीत. एकारान्त आडनावांत मात्र पिढ्यांचा फरक दिसतो. जुने लोक ‘गोखल्यांना बोलावले’ म्हणत, आता ‘गोखलेंना’ हे रूप बहुतेकांच्या तोंडी आहे. मला स्वतःला ‘गोखल्यांना’ कानाला गोड लागते, पण ‘गोखलेंना’ लिहिणाऱ्याच्या कागदावर मी लाल रेघ मारत नाही.

दोन नावे जोडताना प्रत्यय दोन्हींना हवा: ‘रामाला आणि श्यामला’. फक्त शेवटच्या नावाला लावून पहिले उघडे ठेवू नये. नावांची यादी लांब असेल तर ‘राम, श्याम व माधव यांना’ असा ‘यांना’चा आधार घ्यावा; कार्यालयीन लेखनात आणि बातमीत तीच रीत आहे. ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ हे शब्द प्रत्ययानंतर येतात: आईलाच, आईलाही, आईलासुद्धा.

‘स’ हा प्रत्यय आता औपचारिक लेखनात उरला आहे. ‘आपणास कळविण्यात येते की’, ‘अर्जदारास’, ‘ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार’ येथे तो शोभतो. घरगुती संवादात पात्राच्या तोंडी ‘मुलास जेवू घाल’ असे घातले तर ते पात्र तहसील कचेरीतून आल्यासारखे वाटते. ‘ते’ हा तिसरा प्रत्यय जुन्या काव्यापुरताच आहे; तो ओळखता यावा, वापरण्याची गरज नाही.

‘ला’, ‘साठी’ की ‘कडे’

‘मुलाला खाऊ आणला’ आणि ‘मुलासाठी खाऊ आणला’ ही वाक्ये सारखी भासतात, पण पहिल्यात खाऊ मुलाच्या हाती पडल्याची खात्री अधिक आहे. दुसऱ्यात तो अजून पिशवीत असू शकतो. आजच्या मराठीत ‘साठी’ची रेलचेल झाली आहे, आणि ती बव्हंशी भाषांतरातून आली आहे. ‘माझ्यासाठी हे कठीण आहे’ याऐवजी ‘मला हे कठीण जाते’, ‘त्याच्यासाठी हा धक्का होता’ याऐवजी ‘त्याला याचा धक्का बसला’ असे लिहून पाहावे. वाक्य लगेच जमिनीवर येते.

असण्याच्या वाक्यांत आणखी एक भेद पाळावा लागतो. नाती आणि अवयव ‘ला’ घेतात: मला दोन भाऊ आहेत, घोड्याला चार पाय असतात, घराला तीन दारे आहेत. बाळगण्याजोग्या वस्तू ‘कडे’ किंवा ‘जवळ’ घेतात: माझ्याकडे गाडी आहे, तिच्याजवळ सुटे पैसे आहेत. ‘त्यांच्याकडे दोन मुले आहेत’ असे लिहिले तर ती मुले पाहुणी आलेली आहेत किंवा सांभाळायला ठेवली आहेत, असा अर्थ होतो.

शेवटी सरावासाठी एक वाक्य घेऊ, जे मुद्रितशोधनाच्या टेबलावर कोणत्याही दिवशी येऊ शकेल: ‘आईला दिवाळीला मुलांना घेऊन मामाला भेटायला पुण्याला जायचे होते.’ आईला ही अनुभव घेणाऱ्याची चतुर्थी, कारण जाण्याची इच्छा तिच्या ठायी आहे. दिवाळीला म्हणजे वेळ. मुलांना हे ‘घेऊन’चे कर्म, त्यांच्या जागी सामान ठेवले तर ‘सामान घेऊन’ असे प्रत्यय गळून होते, म्हणून द्वितीया. मामाला ही भेटण्याच्या ओढीने आलेली चतुर्थी, कारण भेटणे अकर्मक आहे. भेटायला म्हणजे हेतू, आणि पुण्याला म्हणजे ठिकाण. व्याकरणदृष्ट्या वाक्यात एकही चूक नाही, पण एकामागून एक सहा जागी तेच ते प्रत्यय आल्याने ते वाचताना बैलगाडीचे चाक खड्ड्यांतून गेल्यासारखे वाटते. ते असे सैल करता येईल: ‘दिवाळीत मुलांना घेऊन मामाकडे पुण्याला जायचे आईच्या मनात होते.’